उसातला ऑक्सिजन आणि उकळणारा दगड

गळीत हंगामात टेंभुर्णीजवळच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. या उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल करता येते. मात्र लिटरमागे ते पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा देते. त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो. म्हणजे ते जणू थोडे आधीच जळालेले असते.

हा ऑक्सिजन झिओलाइट काढू शकते. तापवल्यावर वाफ सोडणाऱ्या खनिजाला स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव दिले. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. इंधनासाठी मात्र कृत्रिम झेडएसएम-५ वापरतात. त्याची छिद्रे अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित मोठी असतात. आतल्या आम्लकेंद्रांवर इथेनॉलमधून पाणी सुटते, इथिलीन उरते. जास्त तापमानाला इथिलीनचे रेणू जोडले जातात. पण छिद्र अरुंद असल्याने पेट्रोलमधल्या रेणूंपेक्षा फारसे मोठे रेणू बाहेर पडत नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने झिओलाइट वापरून अल्कोहोल आणि बेंझिनपासून थेट इथाइलबेंझिन करणारी 'अल्बीन' प्रक्रिया विकसित केली.

तरी हिशेब कठोर आहे. ४६ किलो इथेनॉलमधून जास्तीत जास्त २८ किलो इथिलीन मिळते. उरलेले १८ किलो पाणी. मोटारीला इथेनॉल तसेच चालते, तिथे ही घट कशाला सोसायची? प्लास्टिक आणि विमानाच्या इंधनाला मात्र ऑक्सिजन चालत नाही. त्या १८ किलोंची किंमत तिथला ग्राहक मोजेल, तरच या दगडाचा लाभ उसाच्या फडापर्यंत पोहोचेल.