प्रवाळाच्या कलमाची रवानगी

आंब्याचे कलम मुळाशी ओली माती बांधून दूरदेशी धाडणे कोकणातल्या माणसाला नवे नाही. परंतु अमेरिकेतील घरगुती मत्स्यालयांचे शौकीन एकमेकांना जे कलम धाडतात ते वनस्पतीचे नसून प्राण्याचे असते. प्रवाळ हा असंख्य सूक्ष्म जीवांचा संघ असून त्याच्या पेशींत सहजीवी शैवाल वास करते, आणि उजेडात ते जे अन्न तयार करते त्यावर यजमानाचा बराचसा निर्वाह चालतो. अशा प्रवाळाची बोटभर फांदी कापून चकतीवर चिकटवली, की तिच्यापासून नवा संघ वाढू लागतो.

मात्र ताजे कापलेले कलम लगेच रवाना करू नये. जखमेतून झरणाऱ्या चिकट स्रावाने पिशवीतले मूठभर पाणी नासते, म्हणून घाव मांसाने झाकला जाईपर्यंत एक-दोन आठवडे थांबणे इष्ट. पेटीच्या अंधारात शैवालाकडून मिळणारा प्राणवायू बंद होतो आणि दोघांचेही श्वसन चालूच राहते. यासाठी पिशवीत पाण्याबरोबर हवेलाही भरपूर जागा ठेवतात. नाजूक फांद्या प्लास्टिकला घासल्यास मांस सोलवटते, ते टाळण्यासाठी चकती थर्माकोलच्या तरंगत्या तुकड्याला बांधून कलम पाण्यात उलटे लोंबते ठेवण्याची तजवीज करतात.

प्रवाळाला मानवते ते साधारण 24 ते 26 अंश सेल्सियस तापमान राखण्यासाठी दुहेरी पिशवी थर्माकोलच्या पेटीत बसवतात. हिवाळ्यात उष्णता देणारी पुडी कागदात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवतात. तिच्यातील लोहचूर्ण हवेशी संयोग पावून तापत असल्याने पेटीत थोडी हवा खेळती लागते, आणि पुडी पिशवीला टेकली तर कलम भाजते. शनिवार-रविवारी पेटी गोदामात अडकू नये म्हणून रवानगी सोमवार ते बुधवार या दिवसांतच करतात.

पेटी मुक्कामी पोहोचल्यावर मंद प्रकाशात पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, कलम औषधी पाण्यात बुडवून काढावे, आणि चपट्या कृमींची अंडी या स्नानाने मरत नसल्यामुळे चकती बारकाईने न्याहाळावी. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

एवढा बंदोबस्त कशासाठी, असे कोणी विचारील. घरच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे जे कलम सुखरूप पोहोचते, त्याच्या जागी समुद्रातला प्रवाळ तोडण्याचे कारण उरत नाही. वाटेत मेलेले प्रत्येक कलम ते कारण पुन्हा निर्माण करते. याच चिंतेपोटी कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवान्याचे बंधन आहे. आपल्या देशात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीने त्यांना वाघाच्या पंक्तीस बसवले आहे. म्हणून मालवणच्या समुद्रातील प्रवाळ डोळे भरून पाहावा, आणि तेथेच राहू द्यावा.