रिकीब होती का?

‘दगडाबाई शेळके पुरुषी वेषात घोड्यावरून हिंडत.’ हे वाक्य मी दोन मिनिटांत लिहिलं. चित्रकार मित्रासमोर कागद सरकवला तर तो पेन्सिल हातात घेऊन नुसता बसून राहिला. मग म्हणाला, “पुरुषी म्हणजे काय घालू अंगात? धोतर का पायजमा? डोक्याला पटका का टोपी? घोड्याला खोगीर होतं का घोंगडीच टाकलेली? रिकीब होती का?” एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते ठाऊक नसतानाही माझं वाक्य पुरं झालेलं होतं.

शब्दाला मोघम बोलता येतं, चित्राला येत नाही. चरित्रपर चित्रकथेचा सगळा जाच इथेच आहे, आणि माझ्या मते तिची सगळी किंमतही.

दगडाबाई शेळके धोपटेश्वरच्या. हे गाव जालना जिल्ह्याच्या बदनापूर तालुक्यात आहे. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात बायका निरोप पोचवत, भाकरी पोचवत, भूमिगतांना घरात लपवत. दगडाबाई त्याच्याही पुढे जाऊन सशस्त्र लढ्यात उतरल्या. घोडा, हत्यार, पुरुषाचा वेष अशीच त्यांची आठवण सांगितली जाते. म्हणून ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ हे बिरुद त्यांना चिकटलं. आमची पहिली पंचाईत केली ती या बिरुदानेच. मित्राचा हात आपोआप वळला: उधळलेला घोडा, उगारलेला हात. पाठीला बांधलेलं मूल आणि तलवार तेवढी यायची राहिली होती. चौकाचौकातला पुतळा आपल्या सगळ्यांच्या बोटांत इतका मुरलाय की कोणतीही घोडेस्वार बाई काढा, ती लक्ष्मीबाईच होते. उपमा गौरवासाठी दिली जाते खरी, पण ती माणूस पुसून टाकते. १९४७-४८ साली बदनापूरच्या रानात तलवारीचं काम फारसं नव्हतं. बंदुका होत्या, हातबॉम्ब होते.

ही कला मराठी माणसाला परकी नाही. १९६७ साली अनंत पै यांनी मुंबईत ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, त्यातली कितीतरी पुस्तकं मराठी हातांनी काढलेली आहेत. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावं आठवा. (वाईरकरांनीच पुढे ‘टिंकल’मधला सुपंडी काढला.) ३२ पानांत एक आयुष्य बसवायचं, हा त्या पुस्तकांचा साचा. आधी संहिता, मग पेन्सिलीचं रेखाटन, त्यावर ब्रशने शाई, मग अक्षरं, मग रंग. एका पानावर पाच-सहा चौकटी. फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त कोंबले की वाचणारं पोर पान उलटतं. इतक्या कमी जागेत माणूस कसा उभा राहायचा? दोन चौकटींमधली पांढरी पट्टी कामाला येते. इकडच्या चौकटीत दार ठोठावलं जातंय, पलीकडच्या चौकटीत घर रिकामं. मधलं सगळं वाचणाराच घडवतो. मला तर वाटतं, दगडाबाईंसारख्या बाईच्या चरित्रात जे ठाऊक नाही त्याची जागा या पट्टीतच आहे. चौकटीत खोटं काढण्यापेक्षा पट्टी रुंद ठेवावी.

जानेवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाने अमर चित्रकथेबरोबर एक पुस्तक काढलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या अप्रसिद्ध अशा वीस बायकांच्या चित्रकथा त्यात आहेत. ४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता आहेत. निजामाच्याच राज्यातल्या, तेलंगणातल्या जमीनदाराशी लढलेल्या चाकली ऐलम्मा आहेत. दगडाबाई नाहीत. तक्रार म्हणून सांगत नाही, वीसच्या यादीत कोणीतरी राहणारच. पण ऐलम्माची पानं एखाद्या मराठवाड्याच्या पोरीने पाहिली तर राज्य तिला ओळखीचं वाटेल.

ते राज्य चित्रात आणायचं म्हणजे बारीकसारीक सामान गोळा करावं लागतं. कोपऱ्यातल्या पट्टीत ‘जिल्हा जालना’ लिहून चालणार नाही. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला १ मे १९८१ला. कचेरीवरची पाटी उर्दूत. जकातीच्या नाक्याला लोक करोडगिरी म्हणत. हातातला रुपया हाली, त्यावर चारमिनार. मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे मीटर गेजची, म्हणजे रूळ आजच्यापेक्षा अरुंद काढायचे. शिंदीची झाडं तोडणारे सत्याग्रही काढायचे तर आधी वाचकाला कळायला हवं की ताडीच्या उत्पन्नातून सरकारी खजिना भरत होता. नाहीतर तो विचारील, बिचाऱ्या झाडाने काय केलं होतं?

आणि फुग्यातली भाषा? छापील मराठी बोलणाऱ्या दगडाबाई मला सहन होणार नाहीत. धोपटेश्वरची बाई ‘का बरं’ विचारणार नाही, ‘कामून’ विचारील.

सगळ्यात जपून काढायचा तो शत्रू. जुन्या चित्रकथांत खलनायक ओळखायला सोपा: गडद चेहरा, जाड भुवया, वेगळा धर्म. लातूरचा वकील कासीम रझवी आणि निजामाच्या बाजूने लढणारे त्याचे रझाकार खाकी गणवेशात काढता येतील, त्यांचा जुलूमही काढावाच लागेल. पण त्याच पुस्तकात एक चौकट शोएबुल्ला खानांची हवी. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं लिहिणारा हा ‘इमरोज’चा तरुण संपादक. ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ला निजाम शरण आला, आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर जे ओढवलं ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलं आहे. झेंडा फडकवून पुस्तक मिटलं की ही पानं कापली जातात. मुलांसाठी काढायचं म्हणून कापायची, हे कारण मला पटत नाही. मुलं रझाकारांची पानं बघू शकतात तर हीसुद्धा बघू शकतात.

साचा मोडता येतो, हे २०११ साली दोन पुस्तकांनी दाखवलं. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी जोतीराव-सावित्रीबाईंची गोष्ट मांडली, तीही आजच्या दोघींच्या गप्पांतून आणि काळ्यापांढऱ्या रेघांत. ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना खोक्यात कशाला कोंडायचं, असा त्यांचा सवाल. गोड बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. केट इव्हान्सने रोझा लक्झेंबर्गवर काढलेल्या ‘रेड रोझा’च्या शेवटी टिपा आहेत. चित्रांमागे आधार कोणते, हे वाचणाऱ्याला तिथे सापडतं. दगडाबाईंच्या पुस्तकाला अशी चार पानं जोडली तर माझा निम्मा घोर जाईल.

पण मित्राचा कागद अजून पुढ्यातच होता. उधळलेला घोडा त्याने खोडला आणि चालता काढला. अंगात सदरा, डोक्याला पटका. कमरेखाली मात्र तो अडला. मी म्हटलं, नऊवारीचा कासोटा घातलेली बाईसुद्धा घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते, वेष बदललाच पाहिजे असं नाही. “मग लोक पुरुष कसं समजले असते?” तो म्हणाला. त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्याने एक युक्ती केली. घोड्याच्या पोटापर्यंत भरगच्च बाजरी काढली, कणसांसकट. पाय, पायताण, रिकीब, सगळं बाजरीत बुडालं. सुटलो, असं वाटून मी चहा सांगितला.

तो कागदाकडे बघत होता. “बाजरी कंबरेएवढी झाली, कणसं बी भरली. म्हंजे भादवा लागला का न्हाई?” तो म्हणाला. “मंग हे वैशाखात घडलं असलं तर?”

वैशाखात धोपटेश्वरचं रान उघडं असतं. नांगरलेली काळी जमीन, एखादं कडुलिंब, लपायला आडोसा नाही. त्याने बाजरी खोडली नाही, पण शाईही केली नाही. वर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं: महिना विचारणे.