राखण, भूक आणि नसबंदी

मुळशी तालुक्यात कुत्र्यांची तीन निरनिराळी आयुष्यं शेजारीशेजारी चालू असतात. हिंजवडीच्या सोसायटीतला लॅब्रॅडॉर दिवसाचे बहुतेक तास फ्लॅटमध्ये काढतो. पौडच्या पुढे फार्महाऊसवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला आठवडाभर राखणदाराच्या घरचा भात-भाकरी मिळते आणि शनिवार-रविवारी मालक आले की चिकन. ताम्हिणीकडच्या धनगरवाड्यांवरचा गावठी कुत्रा शेळ्यांमागे डोंगर पालथा घालतो. नसबंदीचा विषय काढला की तिन्ही ठिकाणी त्याच दोन शंका येतात: ‘जाड होईल’ आणि ‘मवाळ पडेल, राखण करणार नाही’. पहिली अर्धी खरी आहे. दुसरी बहुतांशी खोटी आहे, आणि तिच्यामुळे असंख्य कुत्र्यांची ऑपरेशनं राहून जातात.

आधी वजनाचं पाहू. मादीचं अंडाशय किंवा नराचे वृषण काढले की शरीरातली लैंगिक संप्रेरकं झपाट्यानं घटतात. त्यातलं इस्ट्रोजेन भुकेला लगाम घालत असतं, त्यामुळे ते गेलं की भूक वाढते. त्याच वेळी शरीराची ऊर्जेची गरज मात्र कमी होते. बीगल जातीच्या माद्यांवर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशननंतर वजन स्थिर ठेवायला आहार सुमारे 30 टक्क्यांनी कमी करावा लागला. पशुवैद्यकांचं नेहमीचं ढोबळ सूत्र याहून सौम्य आहे. त्यानुसार तीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला रोज साधारण 1600 कॅलरी लागत असतील, तर नसबंदीनंतर 1430च्या आसपास पुरतात. हा फरक दीड-दोन पोळ्यांचा आहे. घरात चहाबरोबर प्रत्येक जण एकेक ग्लुकोज बिस्कीट कुत्र्यापुढे टाकत असेल, तर तेवढ्या कॅलरी कुणाच्या लक्षात न येता पोटात जातात.

नसबंदी झालेल्या कुत्र्यांत लठ्ठपणा जवळपास दुप्पट आढळतो, असं ब्रिटनमधल्या एका जुन्या पाहणीत दिसलं होतं. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे पाहिलं की चित्र बदलतं. जोधपूरमध्ये झालेल्या अभ्यासात नसबंदी केलेली भटकी कुत्री इतरांपेक्षा अंगानं जरा बरी भरलेली आढळली. पिल्लांना पाजण्यात, माजाच्या दिवसांतल्या मारामाऱ्यांत आणि वणवण करण्यात जाणारी त्यांची शक्ती वाचली होती. लठ्ठपणा हा पाळलेल्या, वाडगा भरून मिळणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न आहे. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर दुप्पट जपायला हवं. त्यांच्यातल्या साधारण एक चतुर्थांश कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. अशा कुत्र्याचं पोट भरलेलं असलं तरी तो आशेनं ताटाकडे पाहतच राहतो, आणि त्या डोळ्यांना नाही म्हणणं खरोखर कठीण आहे. तरी म्हणावं लागतं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरना जोड्या लावून आयुष्यभर पाहिलं गेलं. जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री मध्यमानानं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांची संधिवाताची दुखणीही उशिरा सुरू झाली.

आता स्वभाव. नराचा मेंदू ‘नर’ म्हणून घडायला सुरुवात होते ती जन्माच्या आगेमागेच. म्हणून वृषण काढल्यावरही तो पाय वर करून मुततो. थांबतं किंवा कमी होतं ते टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर चालणारं वागणं: माजावर आलेल्या मादीच्या वासानं कुंपण तोडून पळणं, दिसेल त्यावर चढणं, नरानरांतली भांडणं. सर्वांत ठळक परिणाम भटकंतीवर होतो. अनेक अभ्यासांत बहुसंख्य नरांचं पळून जाणं स्पष्टपणे घटलेलं दिसतं. मुळशीत या एका गोष्टीचं मोल फार मोठं आहे. इथल्या डोंगरांत बिबट्या आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. भादव्यात रात्री-अपरात्री रानात निघणारा नर कुणाच्या तावडीत सापडतो, हे वेगळं सांगायला नको. शिवाय 2013 मध्ये ताम्हिणी अभयारण्य झालं. तिथल्या भेकरांना आणि सशांनाही मोकाट कुत्र्यांचा त्रास कमी झालेला बराच.

राखण मात्र वृषणात नसते. अनोळखी माणसावर भुंकणं हे जागेच्या ओढीतून आणि सवयीतून येतं. माद्याही उत्तम राखण करतात, हे धनगरांना विचारावं. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: जो कुत्रा भीतीपोटी चावतो, तो ऑपरेशननं सुधारत नाही. बुजऱ्या नराची फार लवकर नसबंदी केली तर भित्रेपणा वाढू शकतो, असं हजारो मालकांच्या उत्तरांवर बेतलेले अलीकडचे अभ्यास सुचवतात. दिवसभर साखळीला बांधलेल्या, माणसांत न मिसळलेल्या कुत्र्याचा राग संप्रेरकांतून आलेला नसतो. त्याला साखळीतून सोडून रोज फिरवणं हाच खरा इलाज आहे, आणि फार्महाऊसच्या मालकांनी तो टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गावातल्या मोकाट कुत्र्यांसाठी हिशेब वेगळा. भादव्यात फळलेली मादी साधारण 63 दिवसांनी विते, आणि पिल्लांजवळ गेलेल्या माणसावर ती धावून जाते. जयपूरमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाव्यांचा मोसम विणीच्या मोसमामागोमाग येतो असं दिसलं, आणि नसबंदी मोहिमेच्या काळात चावे कमी होत गेले. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रा मूळ जागीच सोडायचा असतो. त्याच्या कानाला पाडलेली खाच हीच त्याची खूण.

पाळलेल्या कुत्र्याचं ऑपरेशन कधी करायचं, हे जातीवर ठरतं. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या कुत्र्यांत वर्षाच्या आत केलं तर सांध्यांचे विकार वाढलेले आढळले आहेत, म्हणून डॉक्टरांशी बोलून वाट पाहावी. मादीच्या बाबतीत मात्र फार रेंगाळू नये. वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका वाढत जातो. टाके निघाले की वाडग्यातलं खाणं साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी करावं आणि दर पंधरवड्याला वजन पाहावं. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी वहीत लिहायची. मोठा कुत्रा उचलवत नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवावा. दाब न देता त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहताना कमरेला खोलगट वळण दिसलं पाहिजे.