भुरी पुसली जाते, बुरशी नाही

भाताची झोडणी उरकली, की शहापूर-मुरबाडकडे जिथे पाणी टिकतं तिथे भेंडी लागते. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला, की पानांवर भुरीही येते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थंडीत कुणी ना कुणी पांढुरकं पान घेऊन दारात येतंच. "सर, काल पुसलं होतं, परत आलं बघा."

येणारच. अशा पानाची पातळ साल ब्लेडने काढून मी तिच्यावर कॉटन ब्लूचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. बुरशीचे धागे वरच पसरलेले दिसतात. मात्र मध्येच एखाद्या धाग्याचा बारीक खुंट पेशीची भिंत भेदून आत गेलेला असतो आणि त्याच्या टोकाला निळी, फुगीर गाठ असते. हे तिचं चूषकांग, म्हणजे हॉस्टोरियम. गंमत अशी, की भिंत भेदली तरी पेशीचं नाजूक पटल फाटत नाही. ते गाठीला लपेटून आत दबतं. पेशी जिवंतच राहते. भुरीला ती जिवंतच हवी असते, कारण मेलेल्या पेशीवर तिचं पोट भरत नाही.

पानातली साखर म्हणजे सुक्रोज. इन्व्हर्टेज विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. बाकल्याच्या तांबेऱ्यावर, म्हणजे अशीच चूषकांगं असलेल्या दुसऱ्या बुरशीवर, जर्मनीत झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढची युक्ती कळली: चूषकांग हायड्रोजन आयन बाहेर ढकलतं, ते परत आत येताना साखरेला सोबत घेऊन येतात. गव्हाची भुरीही मुख्यतः ग्लुकोजच उचलते.

भातावरच्या करप्याची तऱ्हा निराळी. त्याची बुरशी पानावर काळा घुमट बांधते, त्यात ग्लिसरॉल साठवते आणि सुमारे 80 वातावरणांचा दाब तयार करून पान भेदते. गाडीच्या टायरातल्या हवेपेक्षा हा दाब जवळपास 40 पट! पुढे ती पेशी मारूनच टाकते. भुरी त्या मानाने सोशीक, म्हणूनच जास्त चिवट.

भुरीवर फवारलेलं गंधक आतल्या गाठीपर्यंत पोचत नाही, बाहेरच्या धाग्यांना आणि बीजाणूंना मारतं. म्हणून खालच्या जुन्या पानांवर पहिला ठिपका दिसताच, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. कडक उन्हात पानं करपतात. आणि भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो, तेव्हा कोणतंही औषध घेताना फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही, ते डब्यावर आधी वाचा.