पित्त की पित्ताशयातील खडे? : पंचेचाळिशीनंतरच्या भगिनींसाठी

जेवणानंतर पोटात दुखू लागले की "पित्त झाले" असे म्हणून कोकमाचे सरबत घ्यावे आणि पुन्हा कामाला लागावे, हा आमच्या अनेक भगिनींचा ठरलेला उपचार आहे. बोलीभाषेत आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा जठरातील आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, उजव्या बरगड्यांखालील पित्ताशयात साठते आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी आतड्यात उतरते. मासिक पाळी थांबण्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः 45 ते 55 या वयात, या दोहोंतील गल्लत महागात पडू शकते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पित्तात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर वाढले आणि पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले की स्फटिक बनतात व त्यांचे पुढे खडे होतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पित्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. गर्भारपणातही ही जोखीम वाढते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, तरी धोका टळत नाही. या वयात चरबी पोटाभोवती साचू लागते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडते. शिवाय, रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांमुळे पित्ताशयाचे विकार वाढतात, असे अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाने 2005 साली दाखवून दिले.

आपल्याकडील स्त्रियांनी पाच गोष्टी तपासाव्यात : कंबरेचा घेर 80 सेंटिमीटर वा अधिक, रक्तदाब 130/85 वा अधिक, उपाशीपोटी साखर 100 वा अधिक, ट्रायग्लिसराइड 150 वा अधिक आणि एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल 50 पेक्षा कमी. यांपैकी तीन आढळल्यास त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यामुळे मधुमेह व हृदयविकाराबरोबरच पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

वजन उतरवावे, परंतु हळूहळू. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने घटणारे वजन स्वतःच खड्यांना निमंत्रण देते. दीर्घकाळ पोट रिकामे राहिल्यास पित्त पित्ताशयात साचून राहते. उपवासकाळात हे विशेष ध्यानी घ्यावे. ख्रिस्तसभेने राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी उपवास बंधनकारक केला आहे आणि त्या दिवशीही एक पूर्ण भोजन व दोन वेळा अल्पाहार घेता येतो. आजारी व्यक्तींना त्यातून सूट आहे. चाळीसही दिवस जेवण टाळण्याची सक्ती कोणावरही नाही.

तेलकट जेवणानंतर वरच्या पोटात, विशेषतः उजव्या बाजूस, तीव्र कळ येऊन ती पाठीत वा उजव्या खांद्यात जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीत खडे बहुधा दिसतात. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. मात्र थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा किंवा न थांबणारी वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पित्तनलिकेत अडकलेला खडा स्वादुपिंडालाही सूज आणू शकतो.

आपली वेदना क्रुसाशी जोडून मुकाट्याने सोसणाऱ्या माता आम्ही जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्या श्रद्धेस आमचे वंदन. परंतु वेळीच केलेल्या तपासणीने त्या अर्पणात काही उणे पडत नाही. घरातील पतीने व मुलांनीही आईचे "पित्त" यापुढे गांभीर्याने घ्यावे, ही विनंती.