रजा आणि रविवार : अमेरिका व युरोप यांच्या दैनंदिन जीवनातील एक भेद

अमेरिकन व युरोपीय समाजांची तुलना करताना 'राष्ट्रीय स्वभाव' ही कल्पना फार लवकर हाताशी येते. अमेरिकन मनुष्य उद्योगप्रिय, तर युरोपीय मनुष्य विश्रांतिप्रिय, अशी विधाने प्रवासवर्णनांतून वारंवार आढळतात. या विधानांमागील निरीक्षण खोटे नाही. ऑगस्टमध्ये पॅरिसमधील कित्येक दुकाने वार्षिक सुट्टीची पाटी लावून बंद असतात. जर्मनीत रविवारी बाजारपेठा ओस पडतात. अमेरिकेत मात्र रविवार हा खरेदीचा दिवस असतो. आज अमेरिकन कामगार वर्षाकाठी सरासरी सुमारे १८०० तास काम करतो, तर जर्मन कामगार १३५० च्या आसपास. प्रश्न निरीक्षणाचा नसून कारणमीमांसेचा आहे.

स्वभाव हे कारण मानल्यास पहिली अडचण इतिहासाची येते. १९७० च्या सुमारास पश्चिम युरोपातील व अमेरिकेतील कामाचे तास जवळजवळ सारखेच होते. अवघ्या एका पिढीत दोन खंडांचे स्वभाव बदलले असे म्हणणे धाडसाचे होईल. या काळात बदलली ती मुख्यतः व्यवस्था.

फ्रान्सचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९३६ साली लोकआघाडीच्या शासनाने प्रथमच सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. १९५६ साली ती तीन आठवडे, १९६९ साली चार व १९८२ साली पाच आठवडे झाली. युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निदेशाने चार आठवड्यांची रजा हे सदस्य राष्ट्रांसाठी किमान प्रमाण ठरविले. याउलट अमेरिकेतील १९३८ च्या श्रममानविषयक कायद्याने किमान वेतन व जादा कामाचा दीडपट मोबदला निश्चित केला. भरपगारी रजेविषयी तो मौन पाळतो. १९९३ च्या कायद्याने आजारपण, बाळंतपण इत्यादी कारणांसाठी बारा आठवड्यांची रजा मिळाली, पण ती बिनपगारी. पगारी रजा हा तेथे बहुतांशी मालक व नोकर यांच्यातील कराराचा विषय राहिला आहे. परिणामी खासगी क्षेत्रातील सुमारे एक-पंचमांश कामगारांना अशी रजा मिळत नाही, आणि हा अभाव कमी वेतनाच्या कामांत विशेष जाणवतो.

रविवारची कथा याहून सूक्ष्म आहे. रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे कायदे अमेरिकेतही वसाहतकाळापासून होते. १९६१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँड राज्याचा असा कायदा वैध ठरविला. मूळ हेतू धार्मिक असला तरी सर्वांना एक समान विश्रांतीचा दिवस देणे हा आता ऐहिक हेतू आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर मात्र बहुतेक राज्यांनी हे कायदे रद्द वा शिथिल केले. न्यू जर्सीतील बर्गेन परगण्यासारखे थोडे अपवाद उरले. जर्मनीत रविवारचे संरक्षण १९१९ च्या वायमार संविधानात होते व १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते कायम ठेवले. दुकानांच्या वेळांचा अधिकार २००६ साली घटकराज्यांकडे गेला. तथापि बर्लिनने नाताळपूर्वीचे चारही रविवार व्यापारास खुले केले, तेव्हा २००९ साली संविधान न्यायालयाने ती तरतूद घटनाविरोधी ठरविली. म्हणजे जे तत्त्व अमेरिकन न्यायालयाने केवळ अनुज्ञेय मानले, ते जर्मन संविधानाने बंधनकारक केले.

या भेदाच्या मुळाविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एडवर्ड प्रेस्कॉट यांनी २००४ साली करांच्या भिन्न दरांवर भर दिला : कर जड असल्यास जादा कामाचे आकर्षण घटते. अलेसिना, ग्लेझर व सॅसरडोट यांनी २००५ साली कामगारसंघटना व कायदे यांना प्राधान्य दिले. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा सांस्कृतिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विश्रांतीचे मूल्य ती किती जणांना एकाच वेळी लाभते यावरही अवलंबून असते. पतीला मंगळवारी व पत्नीला रविवारी सुट्टी मिळाली, तर दोघांना मिळून एकही सुट्टी मिळत नाही. एकट्या व्यक्तीला करारातून स्वतःची रजा मिळविता येईल, पण इतरांची रजा मिळविता येत नाही; त्यासाठी कायदा, संघटना वा रूढी लागते.

अर्थात या व्यवस्थेलाही किंमत आहे. आठवडाभर नोकरी करणाऱ्या जर्मन गृहिणीची सारी खरेदी शनिवारी कोंबली जाते; अमेरिकन ग्राहकाला मध्यरात्रीही दूध मिळते. पण त्या मध्यरात्री गल्ल्यामागे कोणीतरी उभे असते. ग्राहक म्हणून मिळणारी सोय आणि कामगार म्हणून मिळणारा अवकाश यांपैकी कशाला झुकते माप द्यावे, याची दोन उत्तरे दोन्ही खंडांनी दिली आहेत. ती उत्तरे पुढे अंगवळणी पडली व स्वभाव म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्याला संस्कृती म्हटले जाते त्यातील काही भाग कालच्या कायद्याची आजची सवय असतो, हे ध्यानात ठेवल्यास तुलनात्मक अभ्यास घाईच्या निष्कर्षांपासून वाचू शकेल.