करवतीची मूठ आणि लाकडाची कानस

जुलै 2021 च्या पुरानंतर महाडात घराघरांतून चिखलाने माखलेली अवजारं निघाली. करवतीचं पातं घासून, तेल लावून पुन्हा चालायला लागलं. मूठ मात्र फुगली, तडकली. माझ्या ओळखीच्या दोन घरांत अख्खी करवतच भंगारात गेली. खरं तर मूठ स्क्रूवर बसवलेली असते. सुताराकडून इंचभर जाडीच्या सागाच्या किंवा शिसवाच्या फळीतून नुसता आकार कापून आणला, तर पुढचं घासकाम आपल्याला जमतं. आणि आपण केलं की मूठ आपल्या हाताच्या मापाची होते.

हे माप महत्त्वाचं. करवत धरताना तीन बोटं मुठीत आणि तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेने सरळ ठेवायची, म्हणजे करवत डुलत नाही. मूठ जाड असली की बोटांचा वेढा पुरत नाही, आपण जास्त आवळतो आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. मग काजूची सुकी फांदी चार दिवस तशीच लोंबकळते, कारण “हे आले की कापतील.”

पहिल्यांदा कानस घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने लोखंडाची दिली. म्हणाला, कानस ती कानस! घरी येऊन घासते तर दोन मिनिटांत ती भुशाने भरली, लाकूड नुसतं चकाकायला लागलं. लोखंडाच्या कानशीवर तिरक्या रेघा कोरलेल्या असतात. लाकडाच्या कानशीवर किसणीसारखे सुटे सुटे दात असतात. दुकानात तिला रास्प म्हणतात, तेच नाव सांगा आणि दात डोळ्यांनी बघून घ्या. गंज नको, कुठे दात बोथट होऊन चकाकलेले नकोत.

एकच घ्यायची असेल तर आठ किंवा दहा इंची हाफ राउंड घ्या. चपट्या बाजूने मुठीच्या बाहेरच्या कडा मोडायच्या, गोल बाजूने बोटांची खाच करायची. इथे एक गोष्ट बघावी लागते. कानशीची गोलाई खाचेच्या गोलाईपेक्षा थोडी लहान हवी. मोठी असेल तर ती खाचेच्या तळाला टेकत नाही, नुसत्या कडा खाते. बोटं घालायच्या भोकात हाफ राउंड फिरत नसेल तर बारीक गोल रास्प लागते.

मशीनवर केलेल्या रास्पचे दात ओळीत असतात, त्यामुळे लाकडावर चर पडतात. हाताने ठोकलेल्या दातांची रास्प जास्त साफ काम करते, पण महाग असते. आपल्याला तिची गरज नाही. साधीच रास्प तिरकी धरून, दिशा बदलत चालवली तरी चर कमी होतात. घासताना नेहमी कडेकडून आत या. आतून कडेकडे ढकललं तर कडेचा तुकडा उडतो.

रिफलर म्हणजे दोन्ही टोकांना वाकडी, मधे धरायची छोटी कानस. मूर्ती, नक्षी करणारे ती वापरतात. मुठीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात ती छान पोचते, पण सुरुवातीलाच घेऊ नका. बांबूच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळला तरी ते कोपरे निघतात. आधी 80 नंबर, मग 120.

कानशीच्या टोकदार शेपटाला लाकडी दांडा बसवल्याशिवाय हात लावू नका, ते शेपूट थेट तळव्यात घुसतं. नाकाला ओढणी बांधा, शिसवाचा भुसा काहींना फार त्रास देतो. काम झालं की तारेच्या ब्रशने दात झाडायचे आणि कानस कोरड्या फडक्यात वेगळी गुंडाळायची. इतर हत्यारांवर आपटली तर दात मोडतात, आणि आपल्या पावसात उघडी ठेवली तर गंजते.

अशी एक रास्प एका गटाला पुरते. कोणी कधी नेली ते वहीत लिहा, नाहीतर ती सापडायची नाही.

तयार मुठीला अळशीचं तेल पातळ चोळून दोन-तीन दिवस वाळू द्या. खोबरेल चिकट राहतं. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला चांगलं म्हणून कोणी सुचवेल, पण त्याने कातडी भाजते. हातात धरायच्या वस्तूला ते लावू नका.